एकही चूक नाही

१२ फेब्रुवारी १९९६

दादा,

अक्षरावरून ओळखलंच असशील. मी लेसोंगी. तुझा पत्ता खोबऱ्याच्या जहाजावरच्या खलाशाकडून घेतला. तो म्हणाला, समुद्रापलीकडे नूमेआच्या निकेलच्या भट्टीवर कामाला असलेल्या आपल्या बेटावरच्या सगळ्यांची पत्रं तिथल्या एकाच चर्चमध्ये येतात. तेव्हा हे तुझ्या हातात पडेल असं धरून लिहिते.

बाबांना बरं नाही. घाबरण्यासारखं नाही. पण काय झालंय ते मला कुणाला तरी सांगायला हवं, आणि इथे जो तो उलट मलाच समजावतोय.

सोमवारी ते माझ्या वर्गात आले. निवृत्त झाले तरी येतातच. मागे चटईवर बसतात, आणि पहिलीच्या मुलांच्या तोंडून काही वाकडं आलं की तिथूनच सुधारतात. मुलांना सवय आहे. त्या दिवशीही मुलं एकेक करून वाचत होती. एकाचं वाचून झालं आणि बाबा म्हणाले, "या होडीचं कपाळ आपण सकाळपासून धुतलेलं नाही, म्हणून ती अजून भिजत नाही आणि तिच्या काकूंना घरी परतावं लागतं."

मुलं हसली. मीही हसले, दादा. मला वाटलं कोडं घालताहेत. ते माझ्याकडे बघत राहिले. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना बघायचे ना, तसेच. मग म्हणाले, "तुम्ही भिंतीला एवढं शिजवलंत, तर निदान तिचे गुडघे तरी वेळेवर उगवायला हवे होते."

मुलं चटईवर लोळायला लागली. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काठी आपटली आणि आणखी लांब काहीतरी बोलले, ते माझ्या लक्षात राहिलं नाही, कारण आधीचं वाक्य मी मनात पुन्हा म्हणून बघत होते. झालेल्या गोष्टीसाठी क्रियापदाला जे अक्षर लावायचं ते जागच्या जागी. न झालेल्यासाठीचं तेही जागच्या जागी. आपण, तुम्ही, सगळं जिथल्या तिथे. एकही चूक नव्हती. आणि त्यात काहीही नव्हतं.

मुलांना मी घरी सोडलं.

दवाखान्यातल्या नर्सनं त्यांचा दाब मोजला, हात वर करायला लावले. उजवा जरा खाली राहतो. तो नर्स म्हणाला, "तोंड वाकडं नाही, जीभ अडखळत नाही. मास्तर माझ्यापेक्षा स्वच्छ बोलताहेत." आत्या म्हणते ताप डोक्यात गेलाय, कोनफळाचं लापलाप कर आणि नारळाचं दूध जास्त घाल. मी केलं. बाबांनी पोटभर खाल्लं. खाताना मला म्हणाले, "हे दगड फार हुशारीने पोहले आहेत." मी म्हटलं, हो बाबा.

त्यांना पोर्ट विलाच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं असं मला वाटतं. आत्या नको म्हणते.

लेसोंगी

३ मार्च, पोर्ट विला

दादा,

आधीच्या पत्रात मी घाबरण्यासारखं नाही असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. मी तेव्हाच घाबरले होते.

आम्ही इथे सरकारी रुग्णालयात आहोत. डॉक्टर परदेशी आहे, आपली बोली येत नाही, बाजारातली बिस्लामा बोलतो. तो म्हणाला मेंदूत डाव्या बाजूला रक्त साकळलंय. मी म्हटलं, पण ते बोलताहेत की. तो म्हणाला, "बोलताहेत. पण तुम्ही बोललेलं त्यांना कळत नाही. आवाज ऐकू येतो, अर्थ पोचत नाही. आणि ते स्वतः काय बोलताहेत तेही त्यांना कळत नाही. त्यांना वाटतंय ते नेहमीसारखंच बोलताहेत."

मी विचारलं, मग वाक्यं अशी बरोबर कशी येतात? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, वाक्य बांधायची सवय वेगळीकडे असते आणि त्यात काय भरायचं ते वेगळीकडे. एक राहतं, दुसरं जातं. कधी उलटं होतं. मी त्याला दोनदा विचारलं, तो दोनदा तेच म्हणाला, आणि दुसऱ्या खाटेकडे गेला.

दादा, मी जिन्यात जाऊन बसले. आपण दोघं लहानपणापासून काय ऐकत आलो? नीट बोल म्हणजे नीट विचार करशील. ज्याचं बोलणं मोडकं त्याचं डोकं मोडकं. तू बिस्लामातला एक शब्द आपल्या बोलीत घुसडलास की ते जेवणाचं पान बाजूला सारायचे. मी तर या नीट बोलण्यावरच पोट भरते. मुलांना रोज हेच शिकवते. आणि ते खाटेवर बसून खिडकीला म्हणत होते, "माझ्या धाकट्या पावसाला कुणी चप्पल दिली असती, तर मी एवढा उंच झालो नसतो." असं वाक्य माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला बांधता येणार नाही. मलाही दोनदा विचार करावा लागला असता.

काल परिचारिका जेवणाचं ताट घेऊन आली. बाबांनी तिला काहीतरी मोठ्या आस्थेनं विचारलं. तिला आपली बोली येत नाही. ती हसली, मान हलवली आणि गेली. बाबा एकदम समाधानी दिसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना नीट उत्तर दिलं होतं.

औषधं दिली आहेत. पुढच्या जहाजानं परत जा म्हणतात. तू नूमेआहून विमानानं इथे दोन तासांत येऊ शकतोस, हे इथल्याच एकानं मला सांगितलं. मी फक्त कळवते आहे.

लेसोंगी

२४ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण आता लिहिते ते तुलाही लागू आहे, म्हणून नीट वाच.

गावात परत आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की बाबांना काही कळत नाही. कुणाचा विश्वास बसत नाही. दोष त्यांचा नाही. बाबा दारात बसतात, येणाऱ्याशी बोलतात, आवाज तोच, थांबणं तेच, हात हलवणं तेच. लोक दोन मिनिटं ऐकतात आणि त्यांना वाटतं आपल्यालाच कळलं नाही. मास्तर पूर्वीपासून अवघड बोलायचे. नव्या पाळकानं तर कमाल केली. बाबा त्याला म्हणाले होते, "पाण्याच्या सावलीने आपली मुळे घरी आणली आहेत." त्यानं त्या रविवारी त्यावर प्रवचन दिलं. लोकांनी डोळे पुसले. मी मागच्या बाकावर बसून नखं खात होते. प्रवचन चांगलं झालं हे कबूल करायला हवं.

बोलीच्या वाचनमालेची समितीही येऊन गेली. अमुक शब्द बरोबर की तमुक, असं विचारून बाबा जे म्हणाले ते लिहून घेऊन गेली. मी म्हटलं, अहो त्यांना प्रश्नच कळलेला नाही. समितीतला एक जण म्हणाला, "लेसोंगी, तू तुझ्या बाबांपेक्षा शहाणी झालीस का?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांचा तारी आला.

काका गेल्यापासून तारी काकांच्या वाटची बाग करतो, ते तुला माहीत आहे. आता त्याला खालचा किनारा हवाय, नीरफणसाच्या झाडांपासून खडकापर्यंतचा सगळा. कुणी ऑस्ट्रेलियन तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधणार आहे, पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. तारी म्हणतो बाबांनी तो किनारा काकांना देऊन टाकला होता. तसं कधी झालं नाही. तो किनारा आजोबांनी बाबांना दिला, आणि बाबांच्या मागे तो तुझा आहे.

तारी बाबांसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "काका, खालचा किनारा तुम्ही माझ्या बाबांना दिला होता ना?" बाबांनी त्याच्याकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "हो. तो किनारा मी माझ्या भावाला दिला आहे."

स्वच्छ. सरळ. होडीचं कपाळ नाही, भिंतीचे गुडघे नाहीत. मी दारातच उभी होते. माझ्या हातातली कोनफळांची टोपली खाली पडली. तारीबरोबर दोन साक्षीदार होते.

"ऐकलंस ना?" तारी मला म्हणाला.

मी म्हटलं, "त्यांना विचार की सूर्य तुझ्या बाबांना दिला का. तेही हो म्हणतील."

"तू विचार," तो म्हणाला. "नाकामालमध्ये, सगळ्यांसमोर. तिथे बाईमाणसाला कुणी बोलू दिलं तर."

मुखिया तिवोरा यांनी नाकामालच्या सभाघरात सभा ठेवली आहे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मुली, तुझ्या बापाला, कालोरानला मी साठ वर्षं ओळखतो. जे झालं नाही त्याला झाल्याचं अक्षर लावणारा माणूस नव्हे तो. लहानपणी आम्ही मासे मारून यायचो तर त्या फुशारकीतही त्यानं कधी लावलं नाही. तो 'दिला आहे' म्हणाला असेल तर दिलाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "हे बोलायला तुझा भाऊ कालमेत हवा होता. तो कुठाय?"

मी काय सांगू, दादा?

तू का गेलास ते मी विसरलेले नाही. आईच्या मातीला मी तुझ्या शेजारी उभी होते. तू बोलायला उठलास आणि म्हणालास, "आपली आई फार कमी बोलायची." पुढच्या बाकावरून बाबा म्हणाले, "आमची. गावाची नाही ती. आमची म्हण." तू परत सुरुवात केलीस, परत तुझ्या तोंडून आपली आलं, आणि त्यांनी परत थांबवलं. सगळा गाव ऐकत होता. तू खाली बसलास, आणि पुढच्या जहाजानं गेलास. नऊ वर्षं झाली. नियमाप्रमाणे बाबांचं बरोबर होतं. मी अजूनही मुलांना तोच नियम शिकवते. ऐकणारा त्यात धरायचा असेल तर आपली, नसेल तर आमची. पण तू त्या दिवशी चुकला होतास असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि त्याचं कारण मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

या सभेला तू हवास. एवढंच.

लेसोंगी

१४ एप्रिल

दादा,

सभा झाली. किनारा राहिला. आधी हे सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

नाकामालमध्ये गावातले सगळे पुरुष होते. बाबांना मुखियांच्या शेजारी बसवलं होतं. आत्यानं त्यांना चर्चचा सदरा घातला होता. मी दारापाशी बसले, बायकांनी बसायचं तिथे. तारीनं आपलं म्हणणं मांडलं. छान बोलला तो, अजिबात आवाज न चढवता. मग बाबांना विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, "किनारा मी माझ्या भावाला दिला आहे," आणि वर म्हणाले, "त्याने तो नीट सांभाळला आहे." सगळीकडून हुंकार आले.

मुखिया म्हणाले, "कालोरानच्या घरातून कुणाला बोलायचंय?"

कुणी उठलं नाही. मी उठले. दोघा-तिघांनी चक् केलं. मुखिया म्हणाले, "तिचा भाऊ असता तर तिला उठावं लागलं नसतं. बोलू द्या."

मी बाबांच्या समोर जाऊन बसले. मी सगळं आधी ठरवलं होतं. मला वाटलं होतं, एखादं मोडकं वाक्य त्यांच्यासमोर टाकावं. त्यांना ते कळणार नाही, ते गप्प राहतील, मग सगळ्यांना पटेल की मास्तर आता मास्तर राहिले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, काल आपण कोनफळं खणू."

त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "खणली," ते म्हणाले. "काल खणली."

नाकामाल हसला. आपुलकीनं हसला, तेच मला जास्त लागलं. तारी म्हणाला, "बघा. आणि ही म्हणते काकांना कळत नाही."

दादा, मला वाटलं जमीन फाटावी. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच बाबा अगदी बाबांसारखे बोलले होते. मला आनंद व्हायला हवा होता. एक क्षण तर वाटलंही, डॉक्टरचं चुकलं असेल, बाबा आत आहेत, आणि तारी खरं बोलतोय.

मग मी दुसरं वाक्य टाकलं. "बाबा, काल समुद्र आपल्या अंगणात येऊन बसला आणि त्यानं तीन डुकरं विणली."

बाबांनी ऐकलं. मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक नाही."

आता कुणी हसलं नाही. पण तारी हुशार आहे. तो म्हणाला, "मग? काका वाक्य तपासताहेत. जन्मभर तेच केलं त्यांनी. वाक्य बरोबरच आहे, तुम्हीच सांगा चूक कुठे आहे." आणि खरंच, दादा, तिथे बसलेल्या एकालाही चूक दाखवता आली नाही. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच ते वाक्य पुटपुटून बघत होता. मुखियांनी डोळे मिटले होते.

मग मी तिसरं वाक्य बोलले. काय ते विचारू नकोस. त्यावरही बाबा हो म्हणाले, आणि स्वतःहून त्यात भर घातली. मुखिया उठले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला घरी न्या. याच्या तोंडच्या शब्दावर कुणी काही घेणार नाही, कुणी काही देणार नाही." तारी माझ्याकडे न बघता निघून गेला.

आम्ही घरी आलो. बाबा खूश होते. सगळ्यांनी त्यांचं ऐकलं होतं.

लेसोंगी

१९ मे

दादा,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनी. तू ते बिस्लामात लिहिलंयस. का ते मला कळलं, आणि ते बघूनच मला रडू आलं, पुढे काय लिहिलंयस ते वाचायच्या आधीच.

तू विचारलंयस, बाबांनी सगळ्या गावासमोर तुला मेलेला म्हटलं हे खरं का. नूमेआच्या त्या चर्चमध्ये तुला तसं सांगितलं गेलं. मला वाटलं होतं इतक्या लांब पोचणार नाही. आपल्या बेटावरचं काय पोचत नाही म्हणा.

खरं आहे. पण ते मी म्हणवलं.

तिसरं वाक्य हे होतं. मी म्हटलं, "बाबा, कालमेत मेला. आपण त्याला नीरफणसाखाली पुरलं." आणि बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "हो. पुरलं. तिथे आता गवत चांगलं आलं आहे."

लिहिलं एकदाचं.

मी तुझंच नाव का घेतलं ते सांगते. माझं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा पोरीची थट्टा करतोय. मी त्यांच्या समोरच बसले होते. तुझ्या नावाची थट्टा बाबा करणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. या नऊ वर्षांत आमच्या घरात तुझं नाव कुणी घेतलं की बाबा उठून बाहेर जात. आत्या एकदा जेवताना म्हणाली, कालमेतला मुलगी झाली म्हणे. बाबा पान टाकून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर बसून राहिले. म्हणून मला माहीत होतं की त्या वाक्यावर ते नुसते हो म्हणाले तर कुणालाच शंका उरणार नाही. ज्याला काही कळतंय असा बाप तसं म्हणूच शकत नाही.

ते गवताचं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. ते ऐकून मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. मला गवत दिसलं, दादा. त्या झाडाखाली खरंच गवत आहे. एक क्षण मीही धरून चालले की तू गेलास. वाक्य इतकं सरळ होतं.

तू लिहिलंयस, आपल्याकडे बापानं असं म्हटलं की ते परत घेता येत नाही. मला नियम माहीत आहे. मुखियांना मी विचारलं. ते म्हणाले, "परत घ्यायला आधी कुणी दिलेलं असावं लागतं. त्या दिवशी कालोरान तिथे नव्हता." ते हे नूमेआतल्या सगळ्यांना कळवणार आहेत. पण तुला मुखियांचा निरोप नकोय, मला कळतं. तुला बाबांचा शब्द हवाय, आणि तो त्यांच्यापाशी नाहीये. ते सकाळी उठल्यापासून बोलतात, सुंदर बोलतात, आणि त्यात तू नाहीस, मीही नाही, आईही नाही.

तू रागावलास तर रागाव. पण आपल्या बोलीत रागाव. चुकलं तर चुकू दे, मी तपासणार नाही. बिस्लामातला तुझा राग मला कुणा सरकारी माणसाचा वाटला.

लेसोंगी

९ जून

दादा,

तुझं पत्र यायच्या आधीच लिहिते, कारण जहाज उद्या निघतंय.

गेल्या पंधरवड्यात बाबांचं बोलणं कमी झालं. आधी मला बरंच वाटलं, मग काळजी लागली. लांब वाक्यं बंद झाली. सुरुवात करतात आणि मध्येच थांबतात. तोंडाकडे हात नेतात, जणू तिथे काही अडकलंय. पूर्वी लोकांना कळत नाही म्हणून चिडायचे. आता स्वतःवर चिडतात. एकदा "मी त्या" एवढंच म्हणाले, पुढे काही येईना, आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली. आत्या रडायला लागली. म्हणाली, होतं तेही गेलं. दारावरून जाणारे आता थांबत नाहीत. पाळकही येत नाही. लोकांना वाटतं, मास्तर आता खरे बिघडले.

मीही तसंच समजत होते. दवाखान्यात गेले तर नर्स म्हणाला, "त्यांना कळायला लागलं असेल की आपण चुकतोय. हे वाईट कशावरून?" मला ते तेव्हा नीट समजलं नाही.

काल दुपारी मी अंगणात केवड्याची पानं सोलत बसले होते. बाबा ओट्यावर होते. ऊन फार होतं. मला त्यांचा आवाज आला आणि मी वर बघितलं नाही. इतक्या महिन्यांत सवयच लागली होती, हो बाबा म्हणायची. मी म्हटलं, हो बाबा.

ते परत म्हणाले.

"पाणी."

मी हातातलं पान खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघत होते. कपाळावर घाम होता. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होते, जुळत नव्हतं. आपल्या बोलीत नुसतं पाणी असं म्हणत नाहीत. कुणाला हवं, कुणी द्यायचं, हे त्याला जोडून आल्याशिवाय तो शब्द उभाच राहत नाही. असं बोललेल्या मुलाला बाबांनी कधी पाणी दिलं नव्हतं. मी तरी कुठे देते?

"पाणी," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. मग म्हणाले, "कालमेत. पाणी."

दादा, मी हे लिहिते आहे म्हणजे तू ये असा त्याचा अर्थ लावू नकोस. मी तुला फसवून बोलावणार नाही. डॉक्टर मला हेही म्हणाला होता की नावं इकडची तिकडे होतात. त्यांना बहुतेक मलाच हाक मारायची होती. ते मला तू समजले असतील, की तुला मी, की दोघंही त्यांना त्या वेळी एकच वाटलो असू, मला सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडून एवढं मोडकं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण त्यांना तहान लागली होती. ती मला कळली. फेब्रुवारीपासून त्यांनी सांगितलेली ही पहिली गोष्ट.

मी उठले. आत जाऊन पाणी आणलं. वाटी त्यांना हातात धरवत नव्हती, म्हणून मीच ओठांना लावली. ते सगळं पाणी प्याले, त्यांनी दम घेतला, आणि वाटी माझ्याकडे ढकलली.

"अजून," ते म्हणाले.

मी परत आत गेले.

लेसोंगी